कुलपातला आवाज

"तीन वाजता तो कॉम्प्युटर पुसून टाकणार आहेत," जोया म्हणाली, "आणि आत्ता साडेबारा वाजलेत."

एवढं बोलून ती खुर्चीत बसली नाही, कोसळली.

मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर झुंबरबाईंची कचेरी होती. खाली गिरणी सुरू असली की अशिलाला ओरडून बोलावं लागे. बाहेरच्या बोर्डावर मात्र 'गोपनीय चौकशी' असं लिहिलेलं होतं. बाईंची तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून हा उद्योग. सोबतीला पिराजी, रिटायर हवालदार. माणूस लाख मोलाचा, फक्त संशय घ्यायचा तर तो नेमका चुकीच्या माणसावर घ्यायचा.

"पाणी पी," बाई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांग."

जोयानं घाईनं ग्लास तोंडाला लावला, निम्मं पाणी ओढणीवर सांडलं.

"मी गौस निवेदकांची मुलगी."

पिराजी ताडकन उठून उभे राहिले. "कुस्ती मैदानाचे गौसभाई? अगं, आमच्या गगनबावड्याला एका मैदानात पुढाऱ्यानं चिठ्ठी दिलती, माझंबी नाव पुकारा म्हणून. गौसभाई माईकवर काय म्हणाले ठावं हाय? 'साहेब, कुठल्या वजनात खेळणार?' आख्खं मैदान हसलं!"

"तीस वर्षांत त्यांनी माईकवरून पैलवान आणि वस्ताद सोडून कुणाचं नाव घेतलं नाही," जोया म्हणाली. "आता कुणाचंच घेत नाहीत. एप्रिलमध्ये घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं."

खाली गिरणी थांबली. त्यामुळे तिचं पुढचं बोलणं फार स्पष्ट ऐकू आलं.

"ऑपरेशनच्या आधी आम्ही तीन महिने बसून त्यांचा आवाज भरून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पहिल्यांदा 'व्हय' आणि 'न्हाय' भरा, मग रोजचं बोलणं. चहा द्या, दार लावा, जोया जेवलीस का. मी माईक धरायचे, ते बोलायचे, आणि प्रत्येक फाईलला नाव अब्बाच टाकायचे. एक हजार एकशे चाळीस फायली. त्या फोनवर घालून द्यायच्या होत्या, म्हणजे त्यांनी बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात..." ती थांबली. "काल संध्याकाळी सगळ्याला कुलूप लागलं. रॅन्समवेअर. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस."

"दुसरी प्रत?"

जोयानं मान खाली घातली. "रोज ठरवत होते, मावशी."

बाई रागावल्या नाहीत. रोज ठरवणाऱ्या माणसांवरच त्यांचा धंदा चालत होता.

"पुसणार कोण?"

"कृष्णात. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. म्हणतो सी, डी सगळंच फॉरमॅट मारल्याशिवाय व्हायरस जायचा नाही. कालच मारणार होता. पण अब्बा उठले, भिंतीतून वायर उपटली आणि प्लग मुठीत धरून बसले. रात्रभर सोडला नाही. कृष्णात म्हणाला, त्यांची समजूत काढा, मी तीनला येतो." तिचे ओठ आवळले गेले. "मावशी, ते मला हाक कशी मारायचे, ते आत्तापासूनच मला नीट आठवेना झालंय."

बाईंनी पायात चपला सरकवल्या.

*

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर आणि शेजारी खुर्चीत गौसचाचा. मोठा देह, खांदे अजून मैदानाचे, गळ्याला पांढरा रुमाल. एका मुठीत प्लग, मांडीवर लहान मुलांची पांढरी पाटी आणि पेन.

"अब्बा, या झुंबरमावशी. बघायला आल्यात."

चाचांनी बाईंकडे पाहिलं. पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं. तेवढ्यात जोया म्हणाली, "अब्बा, तुम्ही दमू नका, मी सांगते सगळं." चाचांनी तळहातानं पाटी पुसली.

बाईंनी पाहिलं.

"चाचा, मी कॉम्प्युटर पुसणार नाही. नुसतं बघणार आहे. प्लग देता का?"

चाचांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग मूठ उघडली. प्लगच्या पिनांचे दोन खड्डे तळव्यात उमटले होते.

बाईंनी आधी इंटरनेटची वायर काढली. "खरंच कुणी आत बसला असेल तर त्याला बाहेर बोलता येऊ नये," त्या म्हणाल्या आणि मग कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्यावर मधोमध एक फाईल होती. बाईंनी ती उघडली. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेली चिठ्ठी:

सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत. विचारल्याशिवाय उघडणार नाहीत.

"मराठी शिकलेला चोर," पिराजी पुटपुटले. "लई पोचलेला दिसतोय."

"किती मागितलेत?"

पिराजींनी दोनदा वाचलं. "आकडाच न्हाय की."

"द्यायचे कुठं?"

"तेबी न्हाय. विसरला आसंल."

बाईंनी 'आवाज' नावाचा फोल्डर उघडला. कुलूप (१), कुलूप (२), कुलूप (३)... खाली कुलूप (११४०) पर्यंत. नावामागची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शनही बदललेलं, चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद. जोयानं तोंड फिरवलं. बाई मात्र चष्मा नाकावर सरकवून शेजारच्या रकान्यातल्या तारखा वाचत बसल्या. जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

"डी ड्राईव्हवर ठेवलंयस."

"कृष्णातनं सवय लावलीय. सी मध्ये काही ठेवू नका, फॉरमॅटला जातं म्हणतो. पण मावशी, मी मूर्ख नाही हो." तिचा आवाज चढला. "विंडोजमध्येच सोय आहे, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. अनोळखी प्रोग्रॅमला फोल्डरात हात लावू देत नाही. ते वाचून मी चालू केलं. ते स्वतःहून डॉक्युमेंट्स, फोटो असलेच फोल्डर राखतं, म्हणून डी वरचा हा फोल्डर मी यादीत हातानं घातला. पहिल्या दिवशी तर त्यानं आमच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमलाच अडवलं. फाईल सेव्ह होईना. लोक अशा वेळी सगळं बंद करून टाकतात. मी बंद नाही केलं, फक्त त्या एका प्रोग्रॅमला परवानगी दिली. एवढं करूनसुद्धा गेलं! मग उपयोग काय त्याचा?"

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी विंडोज सिक्युरिटी उघडली. राखण चालू होती. फोल्डर यादीत होता. परवानगी एकाच प्रोग्रॅमला. मग त्यांनी अडवल्याच्या नोंदी काढल्या. अलीकडची एकच नोंद, मंगळवारची. "हा कुठला प्रोग्रॅम, जोया?"

"हे आमच्या भाईचं काम असणार."

*

जोयाचा भाऊ झिशान आतून आला तो चोरासारखाच. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. आज रजा टाकली होती, तरी अंगात अजून कालचाच कंपनीचा निळा शर्ट.

"गेम घेतलता मावशी. फुकटातला, क्रॅक केलेला. मंगळवारी टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली, अडवलं म्हणून. मी काढून टाकला लगेच. आईशप्पथ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळं झालं का हे? तसं असलं तर सांगा. मी अब्बांम्होरं उभा न्हाय राहू शकत."

"काल दुपारी कुठं होतास?"

"पयली शिफ्ट. सात ते तीन, मग ओव्हरटाईम. आठला घरात आलो."

पिराजींनी बाईंना कोपऱ्यात घेतलं. "बाई, ह्योच. जाणूनबुजून न्हाय, पण ह्योच. फुकटाच्या गेममधनं व्हायरस शिरला."

"शिरायला गेला आणि दारात पकडला गेला, पिराजी. नोंद त्याचीच आहे. म्हणजे राखणदार मंगळवारी जागा होता."

"मग काल गुरुवारी झोपला आसंल."

"तेच बघायचंय."

पावणेदोनला कृष्णात हजर झाला. खांद्याला बॅग, हातात पेन ड्राईव्हचा जुडगा. कॉम्प्युटर सुरू दिसताच ओरडला, "अहो, चालू कशाला केलासा? पसरतंय की त्ये!"

"तुम्ही लवकर आलात."

"कामं पडल्यात. ताई, ऐका माझं. हे असलं उघडत नसतंय. फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, मोकळं व्हा. काय त्या आवाजाचं घेऊन बसलाय, माणूस वाचला न्हवं का?"

चाचा खुर्चीतून अर्धवट उठले. जोयानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. पेन पाटीवर करकरलं आणि थांबलं.

"काल तुम्ही इथं आला होतात?" बाईंनी विचारलं.

"बाराला. प्रिंटर जोडून दिला. ताई घरात हुत्या. त्या दीडला मेडिकलमध्ये डूटीला गेल्या, त्यांच्या आधी मी गेलो."

"खरंय," जोया म्हणाली. "तेव्हा सगळं ठीक होतं."

"ह्या घरातलं कॉम्प्युटर मीच बघतोय पयल्यापासनं," कृष्णात छाती पुढं काढून म्हणाला. "चाचांनाबी मीच शिकवलंय. फाईलवर जायाचं, एफ-टू दाबायचं, नाव टाकायचं. एकदा चुकून सगळ्या फायली धरून एफ-टू दाबलं त्यांनी आन् सगळ्यांला एकच नाव पडलं! लई घाबरलते. मी लगीच उलटं फिरवून दिलं. हसलोय की आम्ही, न्हवं चाचा?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

पिराजी बाईंच्या कानाशी लागले. "ह्योच बाई. लवकर आलाय, पुसायची घाई, पुरावा नष्ट करतोय."

"पिराजी, ह्यांना प्रत्येक कॉम्प्युटर पुसायची घाई असते. तो यांचा स्वभाव आहे, गुन्हा नाही."

*

अडीचला दारात बुलेट थांबली. सम्राट आत आला. मैदान समितीचा सेक्रेटरी, मनगटात जाड कडं, चेहऱ्यावर खरंखुरं दुःख.

"निघाला का काय मार्ग? जोया, आगं रविवारी मैदान हाय."

"रविवारच्या मैदानाचा काय संबंध?" बाईंनी विचारलं.

"मावशी, चाचांच्या आवाजावर मैदान करणार हुतो की आम्ही! पुण्याचं एक पोरगं हाय. एवढं रेकॉर्डिंग दिलं की त्येची मशिन चाचांच्या आवाजात पायजे ते बोलती. बुधवारी सांच्याला येऊन जोयाला विचारलं. ती व्हय म्हणाली. काल पाचला पेन ड्राईव्ह घेऊन आलो तर चाचांनी दार उघडलं, आन् पडद्यावर ही चिठ्ठी. मीच वरडलो व्हायरस म्हणून, मीच कृष्णातला फोन केला."

"मला वाटलं," जोया हळू म्हणाली, "अब्बांचा आवाज पुन्हा मैदानात घुमावा. लोकांनी विसरू नये."

"काय काय बोलायचं होतं त्या आवाजानं?"

सम्राटनं फोन काढला. "हे बघा, लिहून तयार हाय. जोडी लागली, पैलवानाचं गाव, वस्तादाचं नाव. आन् शेवटाला दोन वळी. विजयसिंहदादांचं पॅनेल उभं हाय न्हवं दूध संघाला. 'गौस निवेदकांची इनंती, शिक्का मारताना...' असं. त्यात काय, दोन तर वळी!"

जोयानं मान वर केली. "हे मला नव्हतं सांगितलंस."

"सांगितलं की. तू 'बरं बरं' म्हणालीस. आनंदात हुतीस."

"आणि चाचा? त्यांना विचारलं?"

सम्राट गोंधळला. "चाचा हितंच बसलते. पाटीवर कायतरी लिवत हुते. तीनदा दाखवलंबी. पण मी घाईत हुतो, चष्माबी न्हवता... जोया म्हणाली, व्हय अब्बा, नंतर."

जोयानं चाचांच्या मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं. पावणेतीन झाले होते.

*

"सगळे बसा," झुंबरबाई म्हणाल्या. "कृष्णात, बॅग बंद करा. तीन वाजता काही पुसायचं नाही. काही गेलेलं नाही."

"गेलेलं नाही?" जोया किंचाळलीच.

"तुला सांगितलं तर तू आधी रडशील, म्हणून क्रमानं सांगते. पिराजी, चिठ्ठीत काय नव्हतं?"

"आकडा. पत्ता. फोन."

"खंडणीवाला बाकी सगळं विसरेल, पैसे कुठं द्यायचे ते विसरणार नाही. पत्ता लिहिला नाही, कारण लिहायची गरज नव्हती. चिठ्ठी लिहिणारा इथंच राहतो."

झिशान दोन पावलं मागं सरकला.

"दुसरं. फाईलला खरं कुलूप घालायचं म्हणजे ती आतून पुन्हा लिहावी लागते. मग तिच्यावर कालची तारीख पडायला हवी. इथं तारखा जानेवारी ते मार्च. नुसतं नाव बदललं तर मात्र ती तारीख हलत नाही. म्हणजे आतला आवाज जसाच्या तसा आहे. बाहेरची पाटी तेवढी बदलली."

जोया भिंतीला टेकली.

"तिसरं, नावं. कुलूप, कंसात एक. कुलूप, कंसात दोन. सगळ्या फायली एकदम धरून एफ-टू दाबलं की विंडोज स्वतःच असे कंसात आकडे घालतं. खरा रॅन्समवेअर सहसा जुन्या नावाला मागून शेपटी जोडतो. ही युक्ती या घरात एकदा चुकून घडलेली आहे, कृष्णातनं आत्ताच सांगितलं."

कृष्णातचं तोंड उघडं राहिलं.

"आणि चौथं, जोयाचा राखणदार. तू म्हणालीस उपयोग काय. पोरी, त्यानंच तर सांगितलं. मंगळवारी अनोळखी गेम आला, अडवला, नोंद केली. गुरुवारी नोंदच नाही. म्हणजे कुणी अनोळखी प्रोग्रॅम आलाच नाही. राखणदार परक्या प्रोग्रॅमला अडवतो. घरचं माणूस खुर्चीत बसून विंडोजच्याच फोल्डरात, आपल्या बोटांनी नाव बदलत असेल, तर त्याला तो अडवत नाही. काल दीड ते पाच घरात कोण होतं?"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

"न्हाय न्हाय," पिराजी म्हणाले, "स्वतःचाच आवाज कोण बंद करील, बाई? काल वायर त्यांनीच उपटली, फायली वाचवायला!"

"म्हणूनच मला कळलं. तुम्ही सगळे म्हणत होता फायली गेल्या. गेलेल्या फायलींसाठी माणूस रात्रभर प्लग मुठीत धरून बसत नाही. त्या आत शाबूत आहेत हे एकट्यालाच ठाऊक होतं. पुसल्या तर मात्र खऱ्याच जाणार होत्या." बाईंचा आवाज खाली आला. "चाचा, तुम्हाला त्या नष्ट करायच्या नव्हत्या. तुम्हाला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. चिठ्ठीतही तेवढंच लिहिलंय. आणि मग प्रकरण तुमच्या हाताबाहेर गेलं. ओरडून सांगावं तर ओरडायला काही नाही, आणि पाटी कुणी वाचत नाही. मी आल्यापासून तुम्ही दोनदा लिहायला घेतलंत. दोन्ही वेळा कुणीतरी मध्ये बोललं."

चाचांचा मोठा देह हलायला लागला. त्या रडण्याला आवाज नव्हता. रुमालाखालून नुसता वारा येत होता.

"एक्सचेंजमध्ये काही वेळा पलीकडून कुणी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण लाईनवर माणूस आहे हे कळायचं. आपण थांबायचं असतं, एवढंच."

जोया बापाच्या पायाशी बसली. तिनं पाटी उचलून त्यांच्या हातात दिली आणि तोंड मिटून थांबली.

चाचांनी सावकाश लिहिलं. पुसलं नाही.

नाव माझं. आवाज माझा. मत पण माझंच पायजे.

खाली अजून एक ओळ आली.

तुला घाबरवायचं नव्हतं, बेटा.

"अब्बा, मी..." जोयानं पाटीची कड धरली. "मीच तुमच्या वतीनं बोलत सुटले. तुम्ही समोर असताना."

बाईंनी उठून एका फाईलच्या नावाची शेपटी पूर्वीसारखी केली. पांढऱ्या कोऱ्या कागदाच्या जागी चित्र आलं. त्यांनी ती वाजवली नाही. "शेपट्या कृष्णात पाच मिनिटांत सरळ करेल. नावं मात्र गेली. वायर उपटली तेव्हाच उलटं फिरवायची सोय संपली. एक हजार एकशे चाळीस फायली पुन्हा ऐकून, एकेकीला नाव द्यावं लागेल. दोघांनी बसून. आणि आजच एक प्रत वेगळ्या ड्राईव्हवर काढा, तो ड्राईव्ह कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा. राखणदार कितीही चांगला असला तरी दुसरी प्रत ती दुसरी प्रत."

कृष्णातनं मुकाट्यानं बॅग बाजूला ठेवली आणि कामाला लागला. पाच मिनिटांचे दहा झाले, पण तो एकदाही फॉरमॅट म्हणाला नाही.

सम्राट दारात घुटमळत होता. "मग रविवारचं..." तो जोयाला म्हणाला. "त्या दोन वळी काढतो वाटल्यास. नुसत्या कुस्त्या. देतीस का?"

"मला नको विचारू," जोया म्हणाली. "अब्बांना विचार."

सम्राट चाचांपुढं आला. आयुष्यात पहिल्यांदाच आखाड्यात उतरल्यासारखा अवघडून उभा राहिला. "गौसचाचा, तुमचा आवाज मशिनला देऊ का?"

चाचांनी पाटी बाजूला ठेवली. खुर्ची ओढून ते कॉम्प्युटरपुढं बसले. फायली तारखेनं लावल्या, सगळ्यांत जुन्या वर. पहिल्या दिवसाची पहिली फाईल सोडली. दुसरीवर बोट ठेवलं.

स्पीकरमधून तीस वर्षांचं मैदान खोलीत उतरलं. भरदार, कडक, शेवटाला किंचित हेल काढलेला आवाज:

"न्हाय!"

पिराजींच्या अंगावर काटा आला. झिशान दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीकडे वळला.

चाचांनी पुन्हा बटण दाबलं.

"न्हाय!"

आणि तिसऱ्यांदा. बुधवारी पाटीवर जितक्या वेळा लिहिलं होतं, तितक्या वेळा.

सम्राटनं कपाळाला हात लावून सलाम केला आणि बाहेर पडला. मग चाचांनी फाईलवर एफ-टू दाबलं, आणि एका बोटानं अक्षरं शोधत तिला तिचं नाव परत दिलं.

जोया खुर्ची ओढून शेजारी बसली. एक हजार एकशे एकोणचाळीस उरल्या होत्या. तिनं हात पुढं केला, आणि मग थांबवला.

"अब्बा," ती म्हणाली, "पुढची लावू?"